ओला का कोरडा?

गेल्या वर्षी या सदरात मी इथल्या थंडीत दही कसं लावायचं ते लिहिलं आणि पुढे वर्षभर मला दह्याचेच फोन येत राहिले. कुणाचं लागलं, कुणाच्या दह्याला तार आली. यंदा विषय मोटारसायकलचा आहे. दचकू नका. आपल्यापैकी बहुतेकांच्या गावाकडच्या घरी, जिन्याखाली किंवा गोठ्याच्या कडेला, जुनी चादर पांघरून एक दुचाकी उभी असते. ती चालू असते तोवर तिचं नाव कुणी काढत नाही. बंद पडली की मग मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर घरातल्या सगळ्यांची मतं येतात.

आमच्या घरी, कराडजवळ, अण्णांची स्प्लेंडर अशी उभी होती. २००६ सालची. दोन्ही कंपन्या वेगळ्या होऊन कितीतरी वर्षं झाली, पण आमच्या टाकीवर अजून 'हिरो होंडा' अशी दोन्ही नावं गुण्यागोविंदानं नांदताहेत. त्याआधी अण्णांकडे सीडी १०० होती, १९८५ साली बाजारात आलेली ती. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. स्प्लेंडरच्या बाबतीत आम्ही त्यातला शेवटचा भाग जरा जास्तच मनावर घेतला.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये अण्णांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. बोलणं सुधारलं, डावा हात-पाय पहिल्यापासून ठीक होता, पण उजव्या पायात जोर उरला नाही. आणि किक असते उजवीकडे. गाडी त्या दिवशी पडवीत लागली ती लागलीच. दिवाळीत दादा पुण्याहून गेला तेव्हा त्यानं तीस-चाळीस किका मारल्या, घाम पुसला, गावातल्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं चार किका मारल्या आणि निकाल दिला की बोर-पिस्टन गेलंय, आठ हजार लागतील. भंगारवाला अडीच हजार द्यायला तयार होता. त्यातून २०२१ साली पंधरा वर्षं भरली म्हणून आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती, ती मुदत पुढच्या वर्षी संपणार. दादाचा हिशेब साधा होता आणि खोटा नव्हता.

अण्णा यावर काहीच बोलले नव्हते. फोनवर मी विचारलं तर म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

जूनमध्ये मी मुलाला घेऊन ओहायोहून पाच आठवड्यांसाठी गेले. दुसऱ्याच दिवशी पाऊस धरला. पडवीत बसल्याबसल्या मी चादर काढली, किल्ली फिरवली. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला नाही. मी म्हटलं, "अण्णा, बॅटरीच मेली आहे, मग कशी सुरू होणार?"

अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीत काठी धरून बसले होते. "बॅटरीवर हॉर्न वाजतो, साइड दाखवायचा दिवा लागतो. ठिणगीचा करंट मॅग्नेटच्या कॉइलमधनं येतो. किक मारली की चाक फिरतंय, चाक फिरलं की करंट. बॅटरी काढून ठेवली तरी ही गाडी सुरू होती."

हे मला माहीत असायला हवं होतं. लहानपणी आमची गाडी दुरुस्तीला बाहेर कधी गेलीच नाही. रविवारी अण्णा अंगणात पोतं अंथरायचे, दादाच्या हातात पाना द्यायचे आणि माझ्या हातात बॅटरी. म्हणजे उजेडाची. "उजेड हातावर पाड, भिंतीवर नको," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की शाळेत शिकवताना फळ्याकडे न बघणाऱ्या मुलांना मी तेच म्हणायची. दादाला पाना कधी आवडला नाही. मला कुणी विचारलं नाही. अण्णांना मी हे आजवर बोलून दाखवलेलं नाही. ते हा अंक वाचतात, तेव्हा आता कळेल.

"आणा प्लगपाना," मी म्हटलं. पाना आईनं आणला, पण ओसरीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. हळूच म्हणाली, "कशाला उकरून काढतेस? सुरू झाली की हे बसणार तिच्यावर." मला याचं उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर तोवर हा विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता. मी दुरुस्तीच्या नादात होते आणि ती दहा महिने गाडी बंद असल्यामुळे निवांत झोपत होती.

अण्णांनी हात लावू दिला नाही तासभर. आधी प्रश्न. टाकीत पेट्रोल आहे का? गाडी हलवून कान लावला, पावभर टाकी डुचमळली. कॉक चालू आहे का? होता. वास कसा येतोय? झाकण उघडलं तर पेट्रोलचा नेहमीचा झणझणीत वास नव्हता, जुन्या वार्निशसारखा दडपा वास होता. एअर फिल्टर बघितला. त्यात उंदरानं कापूस नेऊन ठेवला होता, पण घर काही बांधलं नव्हतं. तो काढून टाकला.

"इंजिन सुरू व्हायला चार गोष्टी लागत्यात," अण्णा म्हणाले. "पेट्रोल, हवा, ठिणगी आणि दाब. चारांतली एक नाही. कुठली नाही ते शोधायचं. सगळंच खोलून बसलं तर काय नव्हतं ते कधी कळतच नाही."

दाब आधी, कारण आठ हजारांचा निकाल त्यावरच लागला होता. प्लगच्या भोवतीची माती फुंकून काढली, नाहीतर प्लग काढताना तीच आत पडते. टोपी ओढून काढली, प्लग काढला. किल्ली बंद. भोकावर मी अंगठा घट्ट दाबून धरला आणि मुलाला किक हातानं खाली दाबायला सांगितली. फस्स करून हवेनं माझा अंगठा उडवला. मुलगा खिदळला, त्याला तो खेळ वाटला, आणखी चार वेळा केला त्यानं.

अण्णांच्या चेहऱ्यावर दहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं. "बोर-पिस्टन गेलंय म्हणं," एवढंच म्हणाले.

गेलेलं नव्हतं. इंजिन दमलेलं असतं तर अंगठा इतक्या सहज उडाला नसता. मेकॅनिकला मी दोष देत नाही. दारात उभ्या उभ्या चार किकांत जे वाटलं ते त्यानं सांगितलं. पण त्यानं प्लग काढला नव्हता, आणि प्लग काढल्याशिवाय या रोगाबद्दल बोलायला सुरुवातच होत नाही.

मग प्लग परत बसवला, चोक ओढला, दहा किका मारल्या, लगेच प्लग काढला. आणि अण्णांनी तो प्रश्न विचारला, जो मी बॅटरी धरून शेकडो वेळा ऐकला होता, पण मला उद्देशून कधीच नाही:

"ओला का कोरडा?"

सगळं या प्रश्नावर आहे. प्लग पेट्रोलनं ओला असेल तर पेट्रोल आत पोचतंय, ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल जास्त झालंय. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. काजळी धरून काळा पडला असेल तर गाडी चालू असताना पेट्रोल जादा मिळत होतं, तेलकट असेल तर आत ऑइल जातंय. आमचा प्लग कोरडा ठणठणीत होता.

मी लगेच कार्ब्युरेटरकडे वळले. अण्णांनी काठी आपटली. "ठिणगी बघितलीस का? एकच बिघाड असतोय असं कुणी सांगितलं?"

ठिणगी बघायची तर प्लग टोपीत घालायचा आणि त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या पाकळ्यांना टेकवून ठेवायचं, प्लगच्या भोकापासून दूर. जवळपास सांडलेलं पेट्रोल आधी पुसून काढायचं. टोपी हातात धरायची नाही, धरलीच तर पुन्हा कधी धरणार नाही असा झटका बसतो. आणि प्लग टेकलेलाच हवा, मोकळा लोंबकळता ठेवून किक मारली तर सीडीआयच्या डबीला ते सोसत नाही. हे सगळं सांगून झाल्यावर मी किक मारली. पडवीत अंधार होता म्हणून दिसलं: मलूल पिवळट ठिणगी, तीही तीन किकांत एकदा. चांगली ठिणगी निळसर असते आणि टिच् असा आवाज करते, उंबऱ्यावरून आईलासुद्धा ऐकू आला असता.

नवा प्लग तालुक्याहून आणला. फरक नाही. म्हणजे पैसे वाया, पण प्लगचा संशय फिटला. अण्णा म्हणाले टोपी फिरवून काढ. ती वायरीवर आट्यांनी बसलेली असते हे मला माहीत नव्हतं. वायरीच्या टोकाची तांब्याची तार हिरवी पडली होती. दमट हवा, दहा महिने. बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी वायर कापून टाकली, आतली स्वच्छ तार दिसली, टोपी परत पिळून बसवली. किक. टिच्. निळी.

मी ओरडले. मुलगाही ओरडला. प्लग बसवून किका मारल्या आणि काहीही झालं नाही. त्या दिवशी तिथंच थांबलो. रात्री दादाचा फोन आला, "सोड ना गं, अडीच हजारांसाठी कशाला पाऊस अंगावर घेतेस?" तो चिडला नव्हता, त्याला माझी काळजी होती. आईचं तोंड मात्र रात्रभर फुगलेलं. जेवताना मी अण्णांना विचारलंच, "सुरू झाली तर काय करायचं?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, डाव्या हातानं. "आधी होऊ दे."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी एक युक्ती सांगितली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलाच्या तापाच्या औषधाचा ड्रॉपर घेतला (त्या ड्रॉपरचं पुढचं आयुष्य गाडीच्या सेवेत गेलं), बाटलीतून आणलेलं ताजं पेट्रोल प्लगच्या भोकातून थोडंसंच आत सोडलं, बाटली लांब नेऊन ठेवली, प्लग लावला आणि किक मारली. गाडी फटफट करून दोन-तीन सेकंद चालली आणि मेली. पुन्हा तसंच केलं, पुन्हा तेवढंच. याचा अर्थ ठिणगी आहे, दाब आहे, हवा आहे. फक्त पेट्रोल आपल्या वाटेनं येत नाही. दहा महिन्यांच्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या चमचा पेट्रोलमध्ये मिळालं होतं.

आता वाट शोधायची. कार्ब्युरेटरकडे येणारी नळी काढून भांड्यात धरली, कॉक उघडला, धार चांगली पडली. म्हणजे टाकी आणि कॉक निर्दोष. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल केला, तिथून मात्र चार थेंब आले, चहाच्या रंगाचे. वाटी उघडली. तळाला पिवळट हिरवा चिकट थर होता आणि त्यावर पाण्याचा एक गोल थेंब पाऱ्यासारखा फिरत होता.

अण्णांना मी मोबाइलच्या उजेडात वाटी दाखवली. हसले. "आपलाच ऊस," म्हणाले.

खरंच होतं ते. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते बरंचसं साखर कारखान्यांतून येतं. इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेतं. गाडी रोज चालली तर काही बिघडत नाही, पेट्रोल संपतं, नवं येतं. गाडी उभी राहिली की पाणी साठत जातं, एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. वाटीतलं उरलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागं हा डिंक राहतो. आमचा फ्लोट वर जाऊन त्याची सुई डिंकानं तिथंच चिकटली होती, म्हणून वाटीत पेट्रोल येतच नव्हतं. बोटानं फ्लोट खाली दाबला तर टक् करून सुटली. यात गाडीचा दोष काडीचाही नाही, आम्ही तिला तशीच सोडून दिली होती.

जेट दोन असतात, पितळेचे. मोठ्या जेटमधून आरपार दिसत होतं. छोट्या, म्हणजे स्लोच्या जेटमधून काहीच नाही. त्याचं भोक सुईच्या टोकाहून बारीक असतं. मी टाचणी उचलली तर अण्णा असे ओरडले की आई आतून धावत आली. पितळ मऊ असतं, टाचणीनं भोक मोठं झालं की गाडी जन्मभर पेट्रोल पीत राहते. कार्ब्युरेटर साफ करायचा फवारा मारायचा, भिजू द्यायचं, सायकलच्या पंपानं हवा मारायची, पुन्हा फवारा. चौथ्या खेपेला मी जेट डोळ्यापाशी धरून पडवीबाहेर बघितलं. पाऊस थांबला होता. भोकात टाचणीच्या टोकाएवढं पांढरं आभाळ दिसलं.

"आभाळ दिसतंय का?" अण्णांनी विचारलं.

"दिसतंय."

"मग बसव."

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं, नवं दोन लिटर घातलं, ऑइल बघितलं. वाटी भरायला मिनिटभर कॉक उघडा ठेवला. चोक ओढला. पहिल्या दोन किकांना काही नाही, तिसरीला खोकली, पाचवीला लागली. आधी पांढरा धूर आला, सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत होतं. मग आवाज बसला. आई पिठाचे हात तसेच ठेवून दारात आली.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. "चोक सोड आता. अर्धा. पुरा सोड. स्लो जास्त आहे, अर्धा आटा कमी कर." मी स्क्रू फिरवला. "अजून जरा. बास." मग ते उठले. काठी टेकत आले, उजवा हात मुठीवर ठेवला. तो हात अजून नीट वळत नाही. मुठीला अगदी थोडा पीळ दिला. गाडी वर चढली आणि खाली आली. आई काही बोलली नाही. मीही नाही.

"बंद कर," म्हणाले आणि खुर्चीकडे परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः शेजारच्या वस्तीवरच्या पोराला बोलावून घेतलं, जो सायकलवरून डेअरीत दूध घालायला जातो. गाडी सात हजारांना ठरली, पैसे दोन हप्त्यांत. भंगारात गेली नाही, चालती गेली. पण नाव बदलल्याशिवाय किल्ली द्यायची नाही यावर अण्णा अडून बसले, आणि तेही बरोबरच. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून आरटीओत देईपर्यंत कागदोपत्री गाडी आपलीच असते, उद्या काही झालं तर पोलीस आपल्याच दारात. परदेशात बसून 'देऊन टाक कुणालातरी' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. ब्रेक आणि टायरही आम्ही बघून दिले. मागचा टायर बदलावा लागला.

तुमच्या घरी अशी गाडी असेल आणि तुम्ही सुट्टी संपवून निघणार असाल, तर जाण्याआधी कॉक बंद करून गाडी आपणहून मरेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी होते. एवढं केलं असतं तर हा लेख मला लिहावा लागला नसता. २०२० नंतरची बीएस-सहा गाडी असेल तर तिला बहुतेक कार्ब्युरेटरच नसतो, पेट्रोल पंपानं येतं. तिथं किल्ली फिरवल्यावर पंपाची गुणगुण ऐकू येते का ते आधी बघायचं, आणि तिथं बॅटरी मेली की खरंच सगळं बंद. आणि इथे अमेरिकेत तुमच्या गराजमधलं गवत कापायचं मशीन दर एप्रिलमध्ये रुसत असेल, तर त्याचा रोगही हाच आहे. इथल्या पेट्रोलमध्येही साधारण दहा टक्के इथेनॉल असतंच. मी या मे महिन्यात आमचं मशीन अंगणात ओढून आणून उघडलं (गराजमध्ये चालू करून बघू नका, धूर कोंडतो), नवऱ्याला बॅटरी धरायला सांगितलं. त्याचा उजेड भिंतीवर पडत होता.

परवा आईचा फोन आला. पहाटे साडेपाचला तो पोरगा दुधाच्या किटल्या लावून आमच्या दारावरून जातो. अण्णा त्या वेळेला जागे असतात. आई म्हणाली, "आजपण म्हणत होते, त्याला सांगा, चोक लवकर सोडत जा."